बाटलीतलं पोट

कागल,
१६ जुलै २०२४

प्रिय अरीबा,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आजकाल घरी पत्र आलं की एक तर कोर्टाची नोटीस असते नाहीतर दिवसकार्याचं कार्ड, म्हणून आधीच सांगून टाकलं.

फोन का केला नाही ते ऐक. माझा फोन नावालाच माझा आहे. मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डंपरच्या खेपांचे सगळे मेसेज त्यावर येतात. मामा, माझे मिस्टर शिवप्रसाद, ड्रायव्हर, ज्याच्या हाताला लागेल तो उचलतो आणि वाचतो. आणि मला जे सांगायचंय ते या घरात मोठ्यानं बोलायची सोय नाही.

आधी चांगली बातमी. मला पाचवा लागला. मागे दोनदा काय झालं ते तुला माहीत आहे, म्हणून या वेळी पाचवा लागेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही असं अव्वांनी, माझ्या सासूबाईंनी, बजावलं होतं. देवापुढेसुद्धा आम्ही हळू आवाजात बोलत होतो. भीती अजून गेलेली नाही. सकाळी जाग आली की पहिल्यांदा हात पोटावर जातो, आहे ना म्हणून बघायला.

आता दुसरं. मे महिन्यात मामांचे डंपर सीमेपलीकडं खडी टाकायला जात होते. येताना गाडी रिकामी का आणायची, म्हणून तिथल्या एका बंद पडलेल्या खाणीवरची माती भरून आणायचे. दगड दळून त्यातला धातू काढून घेतला की जो चोथा उरतो ना, ती. पंचतारांकित एमआयडीसीत एका शेडच्या जमिनीत ती भरायची होती. तिथल्या इंजिनिअरनं ती तपासून घेतली आणि सगळा माल परत पाठवला. पन्नास खेपा आमच्या घरामागं पडून आहेत. न्हाणीघराच्या खिडकीतून हात लांब केला तर ढीग हाताला लागेल.

मामा म्हणतात, “त्येला काँक्रीट नीट बसंना, म्हणून नको म्हणालाय. मातीला काय धाड भरलीया?” पण रिपोर्ट इंग्रजीत आहे आणि तो या घरात माझ्याशिवाय कुणी वाचलेला नाही. शिसं, किलोमागं नऊशे मिलिग्रॅम. शिसं वाईट एवढं मला आठवतं. किती वाईट, ते बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला असणार, आणि मला दुसऱ्या वर्षीच हळद लागली.

सोबत ढिगातली वाटीभर माती पाठवतेय. तू दिवसभर हेच करतेस ना? उत्तर तानाबाईंच्या पत्त्यावर दे. मी त्यांच्याकडे शिवणकामाला जाते आणि त्या दुसऱ्याचं पत्र उघडत नाहीत.

डोहाळ्यांचं विचारू नकोस. सांगण्यासारखं काही नाही.

तुझी,
रक्षिता


इंदूर,
२५ जुलै २०२४

रक्षे,

सलाम आणि शिव्या, दोन्ही घे. शिव्या पाच महिने गप्प बसल्याबद्दल. तुझी बातमी वाचली आणि प्रयोगशाळेत एवढ्यानं ओरडले की शेजारचा केरळचा मुलगा हातातली बाटली सांडून बसला. अम्मीला पेठ वडगावला फोन करून सांगितलं. ती नवस बोलून मोकळी झालीय, तो फेडायला तुलाच जावं लागेल.

आता मातीचं. नऊशे हा आकडा चांगला नाही, पण नुसत्या आकड्यावरून सगळं कळत नाही. माझं अख्खं संशोधन याच एका वाक्यावर उभं आहे, म्हणून जरा व्याख्यान सोस. तू लोखंडाचा खिळा गिळलास तर तुझं रक्त वाढेल का? नाही. गरोदरपणात डॉक्टर देतात ती लोहाची गोळी घेतलीस तर वाढेल. लोखंड दोन्हीकडे आहे, पण रूप वेगळं. शिशाचंही तसंच. गंधकाशी जखडलेलं असेल तर पोटातल्या आम्लात फारसं सुटत नाही. ऑक्साइड किंवा कार्बोनेट असेल तर सुटतं आणि थेट रक्तात जातं. खाणीच्या कचऱ्यात ते कोणत्या रूपात बसलंय हे ओळखायचं, हे माझं काम.

त्याला दोन परीक्षा आहेत. इथलं मोठं क्ष-किरणांचं यंत्र शिशाचा शेजारी कोण आहे ते सांगतं, गंधक की ऑक्सिजन. त्याच्यासाठी देशभरातून माणसं रांग लावतात, माझा नंबर ऑगस्टच्या मध्याला आहे. दुसरी परीक्षा घरगुती. बाटलीत पोटासारखं आम्ल घ्यायचं, शरीराइतकं कोमट ठेवायचं, त्यात चिमूटभर माती टाकून तासभर हलवायचं आणि किती शिसं सुटलं ते मोजायचं. आम्ही त्याला ‘बाटलीतलं पोट’ म्हणतो.

तोवर ती खिडकी बंद ठेव. फरशी ओल्या फडक्यानं पूस, झाडू नकोस. हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नकोस. मामांना ढिगावर ताडपत्री टाकायला सांग. कारण सांगू नकोस, मांजरं घाण करतात म्हण.

आणि डोहाळे नाहीत? तुला? कॉलेजच्या कँटीनमध्ये दोन प्लेट भजी संपवून माझ्या बशीकडे बघणारी तू. जा, थापा मारू नकोस.

अरीबा


कागल,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय अरीबा,

तुझं पत्र तानाबाईंच्या शिवणयंत्रावर बसून तीनदा वाचलं. खिळा आणि गोळी एकदम डोक्यात बसलं. तू शिकवत असतीस तर मी लग्न पुढं ढकललं असतं.

ताडपत्री टाकली. मांजराचं कारण चाललं, पण निम्म्या ढिगालाच पुरली. बाकी अर्धा उघडा आहे. पाऊस पडून गेला की त्याचा एक वास येतो आणि बंद खिडकीच्या फटीतूनसुद्धा आत येतो.

एक विचारू? आमची म्हैस आहे, चंद्री. ती हल्ली त्या ढिगाची माती चाटते. फार नाही, रोज हरभऱ्याएवढी, फार तर दोन. तिच्या पोटात गेली तर काय होईल? तीही गाभण आहे, म्हणून विचारतेय. तिला सोडवत नाही गं. दावं आवळलं तरी तिकडेच ओढ घेते. कुणाला दोष द्यायचा, मुकं जनावर.

डोहाळ्यांचं म्हणशील तर अव्वा सगळं पुरवतायत. त्या म्हणतात, “मागायला लाजू नगंस पोरी. डव्हाळं मारलं की पोर लाळगाळं हुतंय.” मागच्या दोन वेळी मी काही मागितलंच नव्हतं, ते त्यांच्या मनात बसलंय. आता मी नुसती नजर वळवली तरी त्या उठतात. काय पुरवतात ते तू ओळख. तुला ओळखता येणार नाही.

आता बाळ हलायला लागलंय. परवा पहिल्यांदा कळलं आणि मी जिन्यातच बसून राहिले. ते हलतं तेव्हा भीती जाते, थांबलं की परत येते.

म्हशीचं नक्की कळव.

रक्षिता


इंदूर,
२१ ऑगस्ट २०२४

रक्षे,

आनंदाची बातमी आहे, खाली बसून वाच.

तुझ्या मातीतलं शिसं जवळजवळ सगळं गॅलेना आहे. म्हणजे गंधकाशी घट्ट बांधलेलं, डोंगराच्या पोटात होतं तसंच. यंत्रानं स्वच्छ सांगितलं. बाटलीतल्या पोटात शंभर भागांतले फक्त सहा सुटले. मला वाटत होतं चाळीस-पन्नास निघतील. दोन दिवस भीत भीत काम केलं आणि आकडा पाहिला तेव्हा त्या केरळच्या मुलाला चहा पाजला.

तुझ्या चंद्रीला सांग, रोज हरभऱ्याएवढ्यानं काही मोठं बिघडणार नाही. बरंचसं आलं तसं निघून जाईल. तरी चाटू देऊ नये हे बरं, कारण सहा म्हणजे शून्य नव्हे. धुळीची काळजी मात्र तशीच घे. आणि एवढी घाबरू नकोस. तुझी पत्रं वाचून मलाच धडधडायला लागतं.

डोहाळे ओळखते: कच्ची चिंच, कैरी, ताकातली मिरची, कोळसा (आमच्या खालाला कोळसा लागायचा), खडू. बरोबर आलं असेल तर पुढच्या पत्रात एक रुमाल भरतकाम करून पाठव.

माझा प्रबंध डिसेंबरात द्यायचाय, म्हणून महिनाभर गायब होईन. रागावू नकोस.

अरीबा


कागल,
१७ सप्टेंबर २०२४

प्रिय अरीबा,

तू गायब आहेस हे माहीत आहे, तरी लिहितेय.

मला बरं नाही. पोटात मुरडा येऊन जातो, पार वाकायला होतं. चार-चार दिवस पोट साफ होत नाही. तोंडाला सतत पितळेची चव. डोकं दुखतं. इथल्या डॉक्टर म्हणाल्या, सातव्यात असं होतंच, गॅस आहे. पण लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त आठवर आलंय. मागच्या महिन्यात दहा होतं. शिवप्रसाद डाळिंबं आणतात, खजूर आणतात. मी खाते आणि तरी ते खालीच जातं.

बाळ हलतं. पण पूर्वी जेवणानंतर हमखास हलायचं, आता कधी कधी संध्याकाळपर्यंत वाट बघावी लागते. डॉक्टर ठोके ऐकवतात आणि म्हणतात, ठीक आहे. दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझा विश्वास उडालेला असतो.

सोबतच्या पुडीत एक ढेकूळ आहे. माती त्याच ढिगातली, पण आमच्या पाणी तापवायच्या चुलीतली आहे. लिंपण निखळून विस्तवात पडलं होतं, भाजून निघालंय. तुझ्या बाटलीत घालून बघ. चुलीजवळ म्हशीचं जाणं-येणं असतं, म्हणून.

घाई नाही. खरं म्हणजे घाई आहे.

रक्षिता


इंदूर,
१ ऑक्टोबर २०२४

रक्षिता,

आज दुपारी तुला तीन वेळा फोन लावला. तिसऱ्यांदा मामांनी उचलला. म्हणाले, “प्वाट दुखतंय म्हणून पडलीया. निरोप हाय काय?” मी म्हटलं, तिला सांगा, अरीबा म्हणाली चुलीतलं काही खाऊ नकोस. ते हसले आणि म्हणाले, “आमच्या घरात गॅस हाय की.” मी फोन ठेवला. तू गुप्त ठेव म्हणाली होतीस आणि मी ते पाळलं. आता चुकलं असं वाटतंय. म्हणून हे स्पीडपोस्टनं पाठवते आणि पाठोपाठ मी येते. रविवारी सकाळी कोल्हापुरात उतरेन.

ते लिंपण नाही. लिंपणाला एक बाजू सपाट असते, भिंतीकडची. तू पाठवलीस ती वडी आहे. कुणीतरी मळून, दोन बोटांत दाबून केलेली. बाटलीत घालायच्या आधी मी ती भिंगाखाली धरली. एका कडेला दात लागलेत, वर दोन आणि खाली दोन.

रक्षे, म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात.

मग तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. हरभऱ्याएवढी, सोडवत नाही, ओढ घेते. सगळं लिहिलेलं होतं आणि मी म्हशीवर विनोद करत बसले.

आता निकाल ऐक आणि हे वाचून झाल्यावर एक कणही तोंडात घालू नकोस. या वडीत गॅलेना जवळजवळ उरलेलाच नाही. विस्तवानं गंधक जाळून नेलं. उरलं ते बहुतेक ऑक्साइड आणि थोडं सल्फेट. बाटलीतल्या पोटात शंभरातले एकाहत्तर सुटले. मी तीनदा केलं. एकाहत्तर, एकोणसत्तर, बाहत्तर.

दूध, दही, नाचणी खा. गोळ्या चालू ठेव, उपाशी राहू नकोस. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं.

मला खूप भीती वाटतेय. मी येईपर्यंत काही झालं तर कुणालाही विचारू नकोस, सरळ दवाखान्यात जा.

अरीबा


कागल,
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय अरीबा,

तू दोन दिवस राहून गेलीस तेव्हा घरात कुणावरही न ओरडता सगळं सांगितलंस. मला कोल्हापूरला नेलंस, रक्त दिलं तेव्हा हात धरलास. काल रिपोर्ट आला, रक्तात शिसं चौतीस. पाचच्या वर गेलं तरी गरोदर बाईला काळजी, म्हणाल्या त्या मोठ्या डॉक्टर. शिसं बाहेर काढायचं औषध आहे, पण ते बाळालाही लागू शकतं आणि चौतीसला ते द्यायची वेळ आलेली नाही. कॅल्शियम, लोह, आणि माती बंद. एवढंच. मी विचारलं, बाळापर्यंत गेलं असेल का? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, बाळाची वार शिशाला अडवत नाही.

तुझ्यासमोर मी एक बोलले नाही. समोरासमोर जमलं नसतं.

जूनपासून खात होते, पण आधी रोज एकच वडी, तीसुद्धा भीत भीत. निम्मी थुंकून टाकायची. जीव तिच्यात अडकलेला आणि भीतीही तिचीच. म्हणून तर तुला वाटीभर माती पाठवली. लाज वाटत होती गं. बीएस्सीला टायट्रेशनमध्ये तुझ्यापेक्षा जास्त मार्क घेतलेली बाई चुलीपाशी बसून माती खातेय, हे कुठल्या तोंडानं लिहू?

मग तुझं ऑगस्टचं पत्र आलं, आलं तसं निघून जाईल म्हणून. त्या दिवशी मी तानाबाईंकडून घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत आले आणि संध्याकाळी चार वड्या खाल्ल्या. पुढं रोज तीन-चार. अव्वा खूश. सून खातेय.

तू कच्च्या मातीचं लिहिलं होतंस हे मला कळायला हवं होतं. रूप बदललं की सगळं बदलतं हेच तर तू खिळ्याच्या पत्रात शिकवलं होतंस. मला वाटलं, भाजली म्हणजे शुद्ध झाली. मी तुला दोष देत नाही. पण तुला हे माहीत नसावं आणि तू इंदुरात आरामात असावीस, हेही मला सहन होत नव्हतं. वाईट आहे ना मी?

मामांनी उरलेल्या ढिगावर दुसरी ताडपत्री आणून टाकली. स्वतः सरकारी कचेरीत जाऊन सांगून आले, आता तिथली माणसं येऊन बघून जातील म्हणे. परत आले आणि जेवले नाहीत. अव्वा चुलीकडे फिरकत नाहीत. माझ्याकडेही बघत नाहीत.

तोंडाला अजून पाणी सुटतं, अरीबा. सगळं कळूनही. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

रक्षिता


कागल,
ता. २० ऑक्टोबर

अरीबा मगळे, शरणु.

मी शिवम्मा, रक्षिताची सासू. मी कन्नड साळंत चौथी शिकलोय, मराठी अक्षर वाकडं येतंय, गोड मानून घे. मगळे म्हंजी आमच्यात लेक.

तू आल्तीस तवा मी तुज्याफुडं बोललो न्हाई. सैपाकघरात जाऊन बसलो. आता एकच इचारतो. कच्ची माती दिली असती तर एवढं झालं नसतं व्हय? मी भाजलो म्हणून झालं काय? रक्षिता म्हणती, “न्हाई अव्वा, तसं काय न्हाय.” पर ती खोटं बोलाय लागली की बांगड्या फिरवती.

शिवप्रसादच्या वक्ताला मी बी खाल्लोय. रानातली माती, माज्या सासूनं भाजून दिलती. त्येला काय झालं न्हाई, पैलवानागत हाय. रक्षिताची दोन प्वाटं वाया गेली. ह्या खेपेला मागंल ते द्यायचं असं मी मनात धरलंतं. ती माती बघितलो तर चाळून ठिवल्यागत, एक खडा न्हाई. देवानंच धाडली म्हणलो. रानातली चिकण थोडी घालून मळायचो, वड्या करायचो. कच्चीनं पोटात किडं हुत्यात म्हणून दोन-दोन घंटं विस्तवात ठेवायचो, लाल हुईस्तोवर. ह्याच हातानं.

आनि अजून एक हाय, ते घरात कुणाला ठावं न्हाई. शेजारच्या प्रेरणाला तिसरा हाय. तिला बी डबा भरून दिलोय. जाऊन सांगायचं म्हणतो आनि उंबऱ्यातनं माघारी येतो. सांगितलं तर लोक म्हणतील, शिवम्मा सुनंला इख चारती. न्हाई सांगितलं तर? तूच सांग.

खरं असंल तेच लिही. मला बरं वाटावं म्हणून काय लिहू नगंस.

शिवम्मा


इंदूर,
२८ ऑक्टोबर २०२४

शिवम्मा अव्वांना,
अरीबाचा सलाम.

तुम्ही खरं लिही म्हणालात म्हणून लिहिते. हो, भाजल्यामुळंच झालं. कच्च्या मातीनंही थोडं झालं असतं, पण एवढं नाही. जुन्या काळी दगडातून शिसं काढणारे लोक नेमकं हेच करत, आधी दगड भाजायचा म्हणजे शिसं मोकळं होतं. तुमच्या चुलीत तेच झालं. तुमच्या सासूबाईंनी भाजली तेव्हा रानातल्या मातीत मोकळं व्हायला असं काही नव्हतंच. तुम्ही त्यांच्यापेक्षा काही वेगळं केलं नाहीत. माती वेगळी होती.

पण एक ऐका. तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. रक्षितानं म्हशीचं नाव पुढं करून मला तीनदा विचारलं आणि या विषयात नऊ वर्षं घालवलेल्या मला ते कळलं नाही. “निघून जाईल” हे माझ्या हातानं लिहिलंय. तुम्ही चूल बघून रडत असाल तर मी टेबल बघून रडते.

प्रेरणाचं मी आत्ताच फोनवर रक्षिताला सांगितलं. राग मानू नका, पत्र पोहोचेपर्यंत थांबण्यासारखी गोष्ट नव्हती ही. पण जाऊन सांगायचं ते तुम्हीच. रक्षितानं सांगितलं तर प्रेरणाला वाटेल, शहाणी सून सासूची बदनामी करतेय. तुम्ही सांगितलंत तर ती डबा परत देईल आणि रक्त तपासायला जाईल.

लोक काय म्हणतील मला माहीत नाही. कदाचित तेच म्हणतील.

तुमची लेकच,
अरीबा


कागल,
२३ मार्च २०२५

प्रिय अरीबा,

आता फोन माझा आहे, मामांनी स्वतःसाठी वेगळा घेतला. रोज बोलतोच आपण. पण काही गोष्टी मला तुला लिहूनच सांगता येतात, सवय लागलीय.

प्रेरणाचं काल परत तपासलं. नऊवरून चारवर आलं. तिनं डब्यातल्या दोनच वड्या खाल्ल्या होत्या, चव आवडली नाही म्हणून. अव्वा गेल्या होत्या तेव्हा मी दारातून बघत होते. त्या आत गेल्या, पाच मिनिटांनी डबा घेऊन बाहेर आल्या, मागून प्रेरणाची सासू ओरडत होती. अव्वांनी मान वर केली नाही. त्या बाई अजून आमच्याकडे हळदीकुंकवाला येत नाहीत. प्रेरणा येते.

उद्या बाळाला चार महिने पूर्ण होतील. सदतिसाव्या आठवड्यात झाली, दोन किलो शंभर, आणि ओरडली ती अशी की खालच्या मजल्यावर शिवप्रसादना ऐकू आली. तुला मी तेव्हा आनंदाचंच सांगितलं. नाळेच्या रक्ताचा आकडा पंधरा दिवसांनी आला, तो मी तुला सांगितला नाही. तू विचारत होतीस आणि मी लॅबचं कारण सांगत होते. सव्वीस होता. आता पुन्हा खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते.

डॉक्टर म्हणतात, वजन भरतंय, दूध पितेय, आता आकडा एकोणीस आहे आणि उतरतोय. मी विचारलं, मग हिला काही झालेलं नाही ना? त्या म्हणाल्या, आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. वेळेवर बसते का, बोलते का, शाळेत गेल्यावर अक्षरं लक्षात राहतात का, तेव्हा कळेल. म्हणजे सहा-सात वर्षं.

तुम्ही दोघी-तिघी मला म्हणता, आता घाबरणं सोड. मी कशी सोडू? ती झोपली की मी तिच्या कानाशी टाळी वाजवते. दचकली की मला बरं वाटतं. जागी असली की डावीकडून वाजवते, ती मान वळवते. मग उजवीकडून. दिवसातून वीस-वीस वेळा. मामा बाहेर ओट्यावरून विचारतात, “वळली काय?” मी म्हणते, वळली. मग ते पुन्हा पेपर वाचायला लागतात.

परवा अव्वांनी माझा हात धरला. म्हणाल्या, “पुरं गं पोरी. झोपू दे की तिला.” मी हात सोडवून घेतला आणि परत वाजवली. अव्वा पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही टाळी वाजवली.

रक्षिता